अकराव्या नावाची ओवी

नसरापूरच्या एसटी थांब्यासमोर शिवानीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, दोन संगणक, एक झेरॉक्सचं मशीन आणि बाहेर पाटी: सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील. आषाढात त्या पाटीखाली जेवढी दाटी, तेवढी बाजाराच्या दिवशी भाजीपुढंही नसते. बारावी झालेली पोरं, त्यांच्या आया, आणि प्रत्येक आईच्या मांडीवर एक प्लास्टिकची पिशवी. लेकराच्या जन्मापासून त्याला जेवढे म्हणून कागद चिकटले, तेवढे सगळे त्या पिशवीत.

बनाबाईच्या मांडीवरही तशीच पिशवी होती आणि शेजारी तिची लेक प्रेरणा. प्रेरणाची बारावी होऊन तीन वर्षं उलटली होती, म्हणून त्या रांगेत ती जरा थोराडच दिसत होती. फॉर्म पुण्याच्या सरकारी नर्सिंग कॉलेजचा होता. शिवानी पडद्यावरची नजर न काढता विचारत होती, आणि उत्तरं बनाबाई देत होती, कारण कागद तिच्या ताब्यात होते.

"जातीचा दाखला?"

"हाय."

"रहिवासाचा?"

"हाय."

"उत्पन्नाचा? यंदाचाच लागंल, मावशी."

"यंदाचाच हाय. परवा तहसीलातनं आणलाय."

"शाळा सोडल्याचा?"

"हाय की."

"गुन्हा दाखल?"

"त्यो बी हाय," बनाबाई म्हणाली आणि पिशवीत कोपरापर्यंत हात घालून शोधू लागली. "हितं दिसंना बाय. वकीलसायबाकडं ऱ्हायला आसंल. लागतोय व्हय त्यो?"

मागं बसलेल्या दोघीतिघी खुदकन हसल्या. शिवानी मात्र हसली नाही. तिनं पहिल्यांदाच मान वळवून प्रेरणाकडं पाहिलं. पडद्यावर लिहिलं होतं: अर्जदाराविरुद्ध कधीही कोणताही फौजदारी गुन्हा दाखल आहे अथवा होता काय? त्याखाली दोन रिकामे गोल. होय. नाही.

"सुटलीये मी त्यातनं," प्रेरणा हळू म्हणाली. "फेब्रुवारीत निकाल लागला."

"मग 'नाही' टाकू?" शिवानीनंही आवाज उतरवला. "लई जण टाकतात, ताई. कोण बघतंय."

बाणाची खूण 'नाही'च्या गोलावर जाऊन थांबली. माशी बसावी तशी.

"थांबा," प्रेरणा म्हणाली. "अर्धा ठेवता येतो ना फॉर्म?"

"ठेवते. शुक्रवारी संध्याकाळी पाचला बंद होणार बघा."

तो सोमवार होता.

*

नसरापूरहून वेल्ह्याकडं जाणाऱ्या रस्त्याला एक फाटा डोंगराकडं वळतो. त्या फाट्यावर उंबरेवाडी. वाडीच्या वर, चढणीला, एका म्हाताऱ्या उंबराच्या मुळातून पाणी येतं. मे महिन्यात बोरिंगं आटतात, नळाची टाकी ठणठणीत होते, पण उंबराचं पाणी करंगळीएवढं का होईना, येतच राहतं. पाचेक वर्षांमागं उंबराच्या खालची जमीन पुण्याच्या एका माणसानं घेतली, बंगला बांधला, आणि पाण्याच्या वाटेवरून काटेरी तार ओढली. अर्ज झाले, हातापाया पडून झालं. मग एका सकाळी वाडीतल्या दहा बायका विळे-कोयते घेऊन वर गेल्या आणि तार तोडून आल्या.

दहाच. अकरावी प्रेरणा, ती तार तोडायला गेलीच नव्हती. बारावीचा शेवटचा पेपर देऊन ती भोरहून आली, घराला कुलूप दिसलं, म्हणून दप्तर पाठीला तसंच ठेवून आईला हुडकत चढण चढली. ती पोचायला आणि तार सुटायला एकच गाठ पडली. ताणलेली तार सापासारखी उलटी फिरली ती थेट हौसाआत्याच्या कपाळावर. भिवईपासून केसांपर्यंत फाटलं. रक्त डोळ्यांत उतरलं, बायका ओरडायला लागल्या, आणि त्या गोंगाटात बनाबाईची हाक आली: "परेरना, धर तिला."

परेरना. बनाबाईच्या तोंडात 'प्र' कधी बसलाच नाही. शाळेतल्या बाईंनी ठेवलेलं तीन अक्षरांचं नाव ती चार अक्षरं करून हाकारायची, प-रे-र-ना, आणि शेवटचा 'ना' असा लांबवायची की पलीकडच्या खाचरातून ढोरंसुद्धा मान वर करायची. भोरच्या कॉलेजात आई भेटायला आली की प्रेरणाला त्या हाकेची लाज वाटायची.

तिनं आत्याला धरलं. ओढणीची घडी करून जखमेवर दाबली, दुसऱ्या टोकानं बांधली, आणि वाडीतल्या दुधाच्या टेम्पोत घालून तिला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या सिस्टरनं बांधलेली ओढणी सोडताना विचारलं, "हे कुणी बांधलं?" प्रेरणानं मान खाली घातली, वाटलं, चुकलं. सिस्टर म्हणाली, "छान बांधलंयस. हा ट्रे धर बघू." सात टाके पडेपर्यंत प्रेरणानं ट्रे धरला. स्पिरिटचा वास, तो पांढरा ट्रे, त्यात चिमटा ठेवल्याचा बारीक आवाज, आणि आपला हात, एवढा वेळ न हललेला. त्या दिवशी घरी येताना टेम्पोत तिला कळलं, आपल्याला काय व्हायचंय.

आठ दिवसांनी गुन्हा दाखल झाला. कलमं लागली: गैरकायद्याची मंडळी, आगळीक, नुकसान. यादीत नावं अकरा. शेवटचं प्रेरणाचं. तिला अठरा पूर्ण होऊन बावीस दिवस झाले होते.

तिचं नाव कुणी दिलं, ते कधी कळलं नाही. प्रेरणाचा संशय मनातल्या मनात एकेका उंबऱ्यावर जाऊन परत यायचा. हौसाआत्यावरही तो जाऊन बसला होता, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. आत्या दारात आली की ती आत जायची, एवढंच.

तारखा पडत गेल्या. दरवर्षी आषाढात फॉर्म निघायचे आणि भोरचे वकील उपेंद्रकाका म्हणायचे, "निकाल लागू दे, मग भर." वर्गातल्या दोघी पुण्याला गेल्या, टोपी घातलेले फोटो पाठवू लागल्या. प्रेरणा आरोग्य केंद्राच्या आशाताईबरोबर वाडीवाडीत बाळांची वजनं करायला जायची. झोळीत बाळ तोललं की काटा थांबेपर्यंत ती श्वास धरायची. तिचा स्वतःचा काटा तीन वर्षं नुसता हलत राहिला होता.

आणि घरात एक गोष्ट झाली, तिला नाव देता येत नाही अशी. गुन्हा दाखल झाल्या दिवसापासून बनाबाईनं लेकीला नावानं हाक मारली नाही. "ए पोरी", "बाय", "आगं", नाहीतर नुसतंच येऊन उभं राहायचं. पहिले काही दिवस प्रेरणाच्या ध्यानातही आलं नाही. आलं, तेव्हा ती खाचराच्या बांधावर मुद्दाम पाठ करून उभी राहू लागली, की आता तरी लांबून हाकारावं लागेल. बनाबाई चिखल तुडवत बांधापर्यंत यायची आणि खांद्याला हात लावायची.

बनाबाई गळ्याची होती. हळद असो, लावणीची पात असो, गाणं तिच्याकडूनच उठायचं. तार तोडल्यावर तिनं त्याची ओवी बांधली, एकेकीला एकेक.

"तटातटा तोडी तार, हौसा माझी ग नणंद
हंड्यात उतरला, उंबराचा आनंद"

अशा दहा. स्वतःची एक, चुलतजावेची एक, पासष्ट वर्षांच्या म्हातारीचीसुद्धा एक. पोलिसांच्या कागदात अकरा नावं आणि बनाबाईच्या ओवीत दहा. बायका दहावी ओवी झेलून झाली की थांबायच्या, आणि बनाबाई पदरानं तोंड पुसून दुसरं गाणं धरायची.

*

सोमवारी दुकानातून परतताना शेअर रिक्षात बनाबाईला 'गुन्हा दाखल' म्हणजे काय विचारत होते ते उमगलं.

"मग न्हाई म्हनून लिव," ती म्हणाली.

"खोटं व्हईल ते, आये."

"सुटलीस नव्हं?"

"सुटले. पण त्यांनी 'होता' बी विचारलंय."

"त्यांनी लई इचारलं. आपुन सांगायचं कुठं बांदलंय." मग बाहेर बघत, जणू रस्त्यालाच सांगत, "म्या ओवीत बी घातलं न्हाई तुला. तू आपल्या हातानं कागदात कशापायी घालतीस."

प्रेरणा वळून बघू लागली. बनाबाईनं पिशवी छातीशी धरली आणि डोळे मिटून घेतले.

मंगळवारी दोघी कापूरहोळवरून भोरला गेल्या. चौपाटीच्या थांब्याला उतरून उपेंद्रकाकांच्या ऑफिसात. काका साठीचे, शब्द चिमटीत धरून बोलणारे. त्यांनी प्रश्न दोनदा वाचून घेतला.

"हे बघ प्रेरणा. न्यायालयानं तुला सोडलं. पण 'होता' हा शब्द काही तुला सोडणार नाही."

"नाही लिहिलं तर?"

"चालूनही जाईल. आणि तिसऱ्या वर्षाला कुणी पडताळणी केली, तर प्रवेश रद्द होईल, तोही खोटेपणासाठी. गुन्ह्यातून सुटलेली मुलगी खोटेपणात अडकायची."

"आन् व्हय लिवलं तर घेतील का?" बनाबाईनं विचारलं.

काकांनी चष्मा काढला. "ते मला सांगता येणार नाही, बनाबाई. माणूस कागद वाचणारा निघाला तर घेईल. नुसता 'होय' बघणारा निघाला, तर बाजूला ठेवेल. आपण निकालाची नक्कल जोडायची. मी तातडीचा अर्ज टाकतो, गुरुवारी मिळेल."

"नक्कल नगं सायेब," बनाबाई घाईनं म्हणाली. "आदीच पोरीवर बालंट. खरा निकाल द्या, नक्कल कशाला?"

काका मोठ्यानं हसले आणि लगेच ओशाळले. "अहो, कोर्टाच्या शिक्क्याची प्रत. तिलाच नक्कल म्हणतात. खरी असते ती."

"खऱ्याला नक्कल म्हंत्यात," बनाबाई बाहेर आल्यावर पायऱ्या उतरताना पुटपुटली. "मग आमी काय वळकावं?"

*

गुरुवारी नक्कल मिळाली. नऊ पानं, मराठीत, प्रत्येक पानावर जांभळा शिक्का. कोर्टाच्या आवारात एक चिंच होती, तिच्या पारावर दोघी टेकल्या. प्रेरणा मोठ्यानं वाचू लागली, कारण बनाबाईला वाचता येत नव्हतं, आणि आपल्या लेकीचा कागद उघड्यावर वाचलेला तिला ऐकायचा होता.

तारेचं वर्णन आलं, उंबर आला, बंगल्याच्या राखणदाराची साक्ष आली. राखणदारानं कुणालाच नीट ओळखलं नव्हतं. साक्षी झाल्या तेव्हा बायका मागच्या बाकावर होत्या, तिथवर एक शब्द नीट पोचला नव्हता; फेब्रुवारीतही 'सुटलात' एवढंच कळलं होतं. सातव्या पानावर प्रेरणाचा आवाज मंदावला.

"आरोपी क्रमांक अकरा हिचे नाव कोणत्याही साक्षीदाराने सांगितलेले नाही. तपास अधिकाऱ्यांनी सदर नाव आरोग्य केंद्राच्या नोंदवहीतील 'जखमीस सोबत आणणारी व्यक्ती' या रकान्यावरून घेतल्याचे उलटतपासणीत मान्य केले आहे. सदर नोंद आरोपीच्या स्वतःच्या हस्ताक्षरात आहे. जखमी व्यक्तीस दवाखान्यात नेणे हा गुन्हा होत नाही."

पुढचं तिला वाचवेना. तिला ती नोंदवही दिसली. लाल कडांची, दोऱ्यानं बांधलेलं पेन. पेपर देऊन आलेली होती, हाताला लिहायचं वळण होतं. प्रेरणा धनाजी, पुढं आडनाव, पुढं नातं: भाची. सुवाच्य अक्षरात, रकान्याच्या बाहेर रेघ न जाऊ देता. कुणी नाव दिलं नव्हतं. हौसाआत्यानं तर नाहीच.

"पुन्यांदा वाच," बनाबाई म्हणाली.

तिनं वाचलं.

"कुनीबी सांगितलं न्हाई, आसं लिवलंय?"

"व्हय."

"राखनदारानं बी न्हाई?"

"न्हाई. माझ्याच हातानं लिवलं होतं मी, आये. दवाखान्यात."

बनाबाईनं पदर तोंडात धरला. तिचे खांदे आधी हलले, मग आवाज आला. "मला वाटलं म्याच," ती म्हणाली. "तो राखनदार हुबा व्हता की गं तितं. म्या मोट्यानं हाक दिली तुला, आन् त्यानं आयकलं. मला वाटलं, माज्या तोंडातनंच गेलं तुजं नाव त्या कागदात. मग म्हनलं, ह्या तोंडानं पुन्यांदा घ्यायचं न्हाई. न घेतलं तर कुनाला घावनार न्हाई."

तीन वर्षं. प्रेरणानं आईचा हात धरला. खरखरीत, विळ्याच्या मुठीनं घट्टे पडलेला. तिला एवढंच वाटत होतं, की आता, ह्या घडीला, आईनं म्हणावं. बनाबाईचे ओठ हललेसुद्धा. पण तीन वर्षं गिळलेला शब्द असा पटकन वर येत नाही. ती म्हणाली, "चल बाय, एसटी चुकंल."

*

शुक्रवारी दोन वाजता त्या शिवानीच्या दुकानात पोचल्या. अर्धा फॉर्म उघडला. तोच प्रश्न, तेच दोन गोल.

"होय," प्रेरणा म्हणाली.

शिवानीनं एकदा तिच्याकडं बघितलं आणि दाबलं. गोल भरला तशी खाली एक चौकट उघडली: तपशील द्या. मर्यादा पाचशे अक्षरे.

"बाप रे. नऊ पानं पाचशे अक्षरांत कशी मावायची?" शिवानी म्हणाली.

बनाबाई पुढं सरकली. "पाचशे लई झाली की. ओवीला दोन वळी लागत्यात. आदी काम सांगायचं, मग नाव. बाकीचं आयकनाऱ्याला कळतं."

प्रेरणानं कळफलक स्वतःकडं ओढला. हळूहळू, एकेक अक्षर शोधत लिहिलं. गावच्या पाण्याची वाट तारेने बंद झाली होती. तार तोडताना आत्याच्या कपाळाला जखम झाली. मी ती ओढणीने बांधून तिला दवाखान्यात नेले. तिथल्या वहीत माझे नाव मीच लिहिले. त्यावरून ते गुन्ह्यात आले. न्यायालयाने मला निर्दोष सोडले. नक्कल जोडली आहे.

थांबली. मग आणखी एक वाक्य लिहिलं: जखम बांधताना माझा हात हलला नव्हता.

"हे असलं लिहितात का फॉर्ममध्ये?" शिवानी म्हणाली.

"अक्षरं उरलीत का?"

"उरलीत की. शंभराच्या वर."

"मग ऱ्हाऊ दे."

नऊ पानं स्कॅन झाली, जांभळ्या शिक्क्यांसकट. अर्ज गेला. शिवानीनं पावती छापून हातात दिली आणि म्हणाली, "ताई, लागला नंबर तर पेढे नकोत. माझ्या आईला सुई टोचायला येत जा. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही ती."

*

पुढच्या बुधवारी त्यांच्या खाचरात लावणी होती. इंद्रायणी भाताचं रोप, पोटरीएवढा चिखल, पाठीवर प्लास्टिकची कापडं घेतलेल्या बायकांची वाकलेली ओळ. प्रेरणा ओळीच्या टोकाला होती, शेजारी हौसाआत्या. सकाळी आत्याच्या घरी जाऊन तिनं स्वतःहून न्याहारीची भाकरी मागून खाल्ली होती. आत्या काही विचारत बसली नाही. म्हणाली, "वाट चुकली व्हय गं तीन वर्सं?" आणि ताटात दुधाची साय वाढली. तिच्या कपाळावर सात टाक्यांची पांढरी रेघ होती, दोऱ्याच्या शिवणीसारखी.

प्रेरणाचा मोबाईल बांधावर, दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेला होता. पात संपली की ती हात धुऊन तो बघून यायची. दुपारी अडीचला एक ओळ आली होती: आपला अर्ज छाननीसाठी राखून ठेवण्यात आला आहे. एवढंच. घेतलं नाही, असंही नव्हतं. घेतलं, असंही नव्हतं. म्हणजे पुण्यात कुठल्या तरी टेबलावर तो कागद होता, आणि कुणीतरी तो वाचणार होतं, किंवा नुसता बघणार होतं. फाट्यावरून पुण्याकडची एसटी गेली. घाटाआड होईपर्यंत तिनं तिचा आवाज ऐकला, मग चिखलात उतरली.

"आलं का काय?" आत्यानं विचारलं.

"राखून ठेवलंय."

"मग हाय की अजून. टाकून तर दिलं न्हाई." आत्यानं रोपांची मूठ तिच्या हातात दिली. "लाव."

ओळ मागं मागं सरकत होती. पलीकडच्या टोकाला बनाबाईनं गाणं उचललं होतं. तारेचं. बायका एकेक ओवी झेलत होत्या, ज्यांची ती होती त्या जरा जास्तच मोठ्यानं. हौसाची झाली, चुलतजावेची झाली, म्हातारीची झाली. दहावी झाली. बायका सवयीनं थांबल्या. प्रेरणानं रोप रोवलं, दुसरं रोवलं. पुढचं गाणं कुठलं असेल, याचा अंदाज ती घेत होती.

पण बनाबाईनं पदरानं तोंड पुसलं नाही. ती कंबर सरळ करून उभी राहिली, चिखलाचे हात लांब धरून, आणि आवाज वर चढवताना तो मध्येच एकदा फुटला, तरी तिनं तो सोडला नाही.

"हौसाच्या कपाळाची, वाहती थांबली धार
माज्या परेरनाचा हात, त्याला घाबरली तार"

चार अक्षरांचं. तीन अक्षरांचं असतं तर चाल मोडली असती. प्रेरणानं मान वर केली नाही. तिच्या चिमटीतलं रोप हलत होतं. दवाखान्यात न हललेला हात आता हलत होता. ते रोप रोवायचं तिला काही केल्या जमेना.

हौसाआत्यानं आधी ओळ झेलली. मग सगळ्यांनी. दहा जणींच्या तोंडून तिचं नाव उठलं, 'ना' लांबवत, बांध ओलांडून, फाट्यावरच्या रस्त्याकडं गेलं, जिकडून एसटी जातात. तिला वाटलं, आणखी एकदा म्हणावं आईनं, नुसतं नाव, ओवीशिवाय.

"परेरना," तिकडून हाक आली, "तुजी वळ मागं ऱ्हायली गं."

"आले आये," ती म्हणाली आणि रोप चिखलात रोवलं.